प्रायमरीत मतदानाचा टक्का नेमकं काय ठरवतो?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीत राहतो, नुकताच सिटिझन झालोय, जूनमधल्या प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीला, आमच्या बूथवर शुकशुकाट असतो, मग एवढ्या थोड्या लोकांत उमेदवार ठरत असेल तर टोकाचेच लोक पुढे येणार ना? टर्नआउट, म्हणजे मतदानाचा टक्का, वाढला तर समंजस, मधल्या विचारांचा माणूस जिंकेल का? आणि रजिस्टर करताना पार्टीचा रकाना मी रिकामा सोडला होता, मुलगी सतरा वर्षांची आहे, तर आमच्या घरातल्या कुणाला यात काही करता येतं का?

मी बरीच वर्षं इथल्या लोकल कँपेन्ससाठी मतदारयाद्यांचं काम करतो, म्हणजे कुणाच्या दारावर जायचं, कुणाला फोन करायचा, कुणाला पत्र पाठवायचं याच्या याद्या बनवायच्या आणि निकालानंतर प्रत्येक बूथचे आकडे घेऊन बसायचं. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. पण आधी सरळ सांगतो, टक्का वाढला की मवाळ उमेदवार जिंकतो आणि घटला की कडवा जिंकतो असं काही गणित नाहीये. दोन्हीकडची उदाहरणं ढिगाने आहेत. निकाल फिरतो तो किती आले यापेक्षा कोण आले यावर, आणि कोण येणार हे बऱ्याच अंशी तारीख, नियम आणि कँपेनने कुणाची दारं वाजवली यावर आधीच ठरलेलं असतं.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते वॉशिंग्टन राज्यात, २०१६ ला. त्या वर्षी अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला डेमोक्रॅट्सनी तिथे २६ मार्चला कॉकस घेतला. कॉकस म्हणजे शनिवारी सकाळी शाळेत नाहीतर कम्युनिटी हॉलमध्ये जायचं, तासन् तास बसायचं, चर्चा ऐकायची आणि मग आपला कौल नोंदवायचा. सुमारे २ लाख ३० हजार लोक आले आणि बर्नी सँडर्सना जवळपास ७३ टक्के मिळाले, धुव्वाच उडवला म्हणा ना. मग दोन महिन्यांनी, २४ मे ला, त्याच राज्यात सरकारी प्रायमरी झाली, घरी आलेली मतपत्रिका भरून पोस्टात टाकायची एवढंच काम, डेलिगेट्सवर, म्हणजे अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या प्रतिनिधींवर, तिचा काही परिणाम होणार नव्हता तरीसुद्धा ८ लाखांच्या आसपास मतं पडली आणि हिलरी क्लिंटन जिंकल्या, ५२ टक्क्यांच्या वर. राज्य तेच, पक्ष तोच, उमेदवार तेच. आता कुणी म्हणेल मे पर्यंत सँडर्सची देशभरातली लढाई जवळजवळ हरल्यात जमा होती, ते खरंच आहे, थोडा फरक त्याचाही असेलच, पण ७३ वरून ४८ च्या खाली येणं एवढ्यानेच होत नाही. नेब्रास्कातही त्याच वर्षी हेच झालं, कॉकसमध्ये सँडर्स, प्रायमरीत क्लिंटन. शनिवारचा अख्खा दिवस कोण देऊ शकतं? ज्याची शिफ्ट नाही, ज्याच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस नाही, आणि ज्याला उमेदवाराबद्दल मनापासून काहीतरी वाटतं असा माणूस. नर्सिंग होममध्ये वीकेंडची ड्युटी करणारी बाई मार्चच्या मोजणीत नव्हती, मेच्या मोजणीत होती. २०२० पासून वॉशिंग्टनच्या डेमोक्रॅट्सनी कॉकस सोडून पोस्टाच्या प्रायमरीवरच डेलिगेट्स द्यायला सुरुवात केली.

पण यावरून "जास्त लोक आले की प्रस्थापित उमेदवाराचं फावतं" असा नियम काढू नका. २००८ ला आयोवाच्या डेमोक्रॅटिक कॉकसला जवळपास २ लाख ४० हजार लोक आले, २००४ च्या जवळपास दुप्पट, आणि ती गर्दी ओबामांची होती, निम्म्याहून जास्त लोक पहिल्यांदाच कॉकसला आले होते. तिथे गर्दीने प्रस्थापितांना हरवलं. २०१४ ला व्हर्जिनियात एरिक कँटर, रिपब्लिकन पक्षाचे सभागृहातले बहुमताचे नेते, म्हणजे स्पीकरच्या खालोखालचा माणूस, डेव्ह ब्रॅट नावाच्या कॉलेज प्रोफेसरकडून अकरा टक्क्यांनी हरले, आणि तिथे टर्नआउट पडला नव्हता तर वाढला होता, २०१२ ला ४७ हजारांच्या आसपास मतं होती ती ६५ हजारांवर गेली. कँटरच्या स्वतःच्या पोलमध्ये ते ३४ टक्क्यांनी पुढे होते! पोलवाले जुन्या प्रायमऱ्यांमध्ये आलेल्या लोकांना धरून अंदाज बांधतात, आणि नवे हजारो लोक अचानक घराबाहेर पडले की तो अंदाज कोसळतो. २०२५ ला न्यूयॉर्कच्या मेयरच्या प्रायमरीत तेच झालं, बहुतेक पोल माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमोंना पुढे दाखवत होते, दहा लाखांहून जास्त लोकांनी मतं दिली, तरुण मंडळी आणि नव्याने नोंदणी केलेले लोक मोठ्या संख्येने आले आणि पसंतीक्रमाच्या मोजणीच्या शेवटच्या फेरीत झोहरान ममदानी ५६ विरुद्ध ४४ ने जिंकले. म्हणजे गर्दी कधी क्लिंटनकडे झुकते, कधी ओबामांकडे, कधी ब्रॅटकडे, कधी ममदानींकडे. टक्क्याला स्वतःची विचारसरणी नसते.

आणखी एक. टर्नआउटमुळे निकाल बदलला असं आपण म्हणतो तेव्हा बरेचदा उलटं असतं, लढत चुरशीची होती म्हणून लोक आले. एकतर्फी प्रायमरीत कोण जाणार उन्हातान्हात? त्यामुळे दोन वर्षांचे टक्के शेजारी ठेवून तुलना करताना आधी बघायचं की त्या वर्षी लढत होती का.

आता टोकाच्या लोकांबद्दल. हा समज इतका पक्का झालाय की लोक विचारतच नाहीत. प्रायमरीला येणारा मतदार सरासरीने वयाने मोठा असतो, घर स्वतःचं असलेला, त्याच गावात बरीच वर्षं राहिलेला असतो, हे मी प्रत्येक यादीत बघतो. पण मतांच्या बाबतीत तो आपल्याच पक्षाच्या घरी बसलेल्या मतदारापेक्षा फार वेगळा असतो का? जॉन साइड्स, लिन व्हावरेक वगैरे राज्यशास्त्रज्ञांनी हे मोठ्या सर्व्हेंवरून तपासलं तर दोघांच्या मतांत फरक बराच कमी निघाला. प्रायमरी सगळ्यांना खुली केली की मवाळ लोक निवडून येतात का यावरही अभ्यास झालाय, तिथेही परिणाम फार काही दिसला नाही. माझा अनुभव याला धरूनच आहे. दारात भेटणारे नेहमीचे मतदार कडवे कमी आणि सवयीचे जास्त असतात, त्यांना काउंटीतल्या लोकांची नावं माहीत असतात, रस्त्यावरचे खड्डे आणि प्रॉपर्टी टॅक्स यावर ते बोलतात. खरी अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे आकडा लहान असला की कुठलाही एक संघटित गट, मग तो चर्च असो, युनियन असो, काउंटीची पार्टी मशीन, म्हणजे पक्षाची स्थानिक यंत्रणा, असो किंवा एखादा खूप पैसेवाला उमेदवार, पारडं फिरवू शकतो. हाउसिंग सोसायटीच्या जनरल बॉडीला पंधरा जण येतात आणि त्यातले आठ एका विंगचे असतात तेव्हा जे होतं तेच.

आणि हे महत्त्वाचं का, तर अमेरिकेतले बहुतेक मतदारसंघ कुठल्या ना कुठल्या पक्षाचे बालेकिल्ले आहेत. तिथे नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती, खरा निकाल प्रायमरीतच लागतो. न्यूयॉर्कचा १४ वा मतदारसंघ घ्या, क्वीन्स आणि ब्राँक्सचा भाग. २०१८ ला जो क्राऊली तिथले खासदार, दहा टर्म झालेले, पक्षातलं मोठं नाव, आणि २००४ नंतर त्यांना प्रायमरीत कुणी आव्हानच दिलं नव्हतं. अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ उभ्या राहिल्या, दोन लाखांहून जास्त नोंदणीकृत डेमोक्रॅट्सपैकी फक्त ३० हजारांच्या आसपास लोकांनी मत दिलं, आणि त्या जिंकल्या. लोक ही गोष्ट डेव्हिड आणि गोलिएथसारखी सांगतात, मला मात्र त्यात एक साधी गोष्ट दिसते: चौदा वर्षं लढतच न झाल्यामुळे त्या मतदारसंघात क्राऊलींना मत द्यायला म्हणून जूनमध्ये बाहेर पडायची सवय कुणालाच उरली नव्हती. हक्काचे मतदार कागदावर होते, पण त्यांना उठवून आणणारी यंत्रणा गंजून गेली होती. कमी टर्नआउट हा वर्षानुवर्षं प्रस्थापितांचा फायदा असतो आणि एका जूनमध्ये तोच त्यांच्या गळ्याशी येतो.

आपल्या लोकांना जवळचं वाटेल असं उदाहरण म्हणजे श्री ठाणेदार. चिकोडीत जन्म, बेळगावात वाढलेले, आज मिशिगनच्या १३ व्या मतदारसंघाचे, म्हणजे डेट्रॉइटचे खासदार. २०१८ ला ते गव्हर्नरच्या प्रायमरीत तिसरे आले होते. २०२२ च्या ऑगस्टमधली डेमोक्रॅटिक प्रायमरी बघा: नऊ उमेदवार, मतदारसंघाची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास, एकूण मतं सुमारे ७९ हजार, आणि ठाणेदार २२ हजारांच्या थोड्या वर मतं घेऊन, म्हणजे २८ टक्क्यांनी, जिंकले. मिशिगनमध्ये रनऑफ, म्हणजे पुढच्या दोघांची दुसरी फेरी, नाही, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो उमेदवार. बाकीची ७२ टक्के मतं आठ जणांत वाटली गेली. नोव्हेंबरमध्ये त्यांना ७१ टक्के मिळाले. त्यांनी स्वतःचे लाखो डॉलर घातले हे खरंच आहे, त्यावर तिकडे बरीच टीकाही झाली, आणि बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या डेट्रॉइटला कित्येक दशकांत पहिल्यांदाच काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, कृष्णवर्णीय खासदार राहिला नाही, ही खंत तिथल्या लोकांनी उघड बोलून दाखवली, आणि ती खंत मला रास्त वाटते. पण मला दाखवायचंय ते एवढंच की ऑगस्टच्या सुट्टीच्या दिवसांतली प्रायमरी, एकाच गटातले बरेच उमेदवार, रनऑफ नाही, असं सगळं एकत्र आलं की पावणेआठ लाख लोकांचा प्रतिनिधी २२ हजार लोक ठरवतात. टर्नआउट थोडा जरी जास्त असता तर कोण जिंकलं असतं हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण ते जास्तीचे लोक कुठल्या वस्तीतून आले असते त्यावर सगळं अवलंबून होतं.

जिथे रनऑफ आहे तिथे तर टर्नआउटचा खेळ डोळ्यांदेखत चालतो, कारण उमेदवार तेच दोघं आणि मधे फक्त काही आठवडे. टेक्सास २०१२. सिनेटची रिपब्लिकन प्रायमरी मेच्या शेवटी झाली, १४ लाख मतं, लेफ्टनंट गव्हर्नर डेव्हिड ड्यूहर्स्ट ४४ टक्क्यांच्या वर आणि टेड क्रूझ ३४ वर. पन्नास कुणालाच नाही म्हणून रनऑफ, आणि मतदारसंघांच्या आखणीच्या कोर्टकज्ज्यामुळे तारखा पुढे ढकलल्या गेल्या होत्या म्हणून तो रनऑफ आला थेट ३१ जुलैला, टेक्सासच्या भर उन्हाळ्यात. मतं ११ लाखांवर आली. ड्यूहर्स्टची मतं सव्वासहा लाखांवरून ४ लाख ८० हजारांवर घसरली आणि क्रूझची ४ लाख ८० हजारांवरून ६ लाख ३० हजारांवर चढली, जणू दोघांनी आकड्यांची अदलाबदल केली. ज्याचे मतदार सौम्य पाठिंब्याचे होते ते सुट्टीवर गेले, ज्याचे जीव तोडून मागे होते ते दोन-चार जणांना बरोबर घेऊन आले.

मिसिसिपी २०१४ मध्ये नेमकं उलट. थॅड कॉक्रन, म्हातारे झालेले सिनेटर, ३ जूनच्या प्रायमरीत टी पार्टी या पक्षातल्या कडव्या गटाच्या क्रिस मॅकडॅनियलच्या किंचित मागे राहिले, दोघंही पन्नासच्या आत. रनऑफ तीन आठवड्यांनी. रनऑफला लोक कमी येतात हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं, कॉक्रनच्या लोकांनी ते धरलं नाही. मिसिसिपीत पक्षाची नोंदणीच नाही, ३ जूनला डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिलं नसेल तर रिपब्लिकन रनऑफला जाता येतं, म्हणून ते जॅक्सन शहर आणि डेल्टा भागातल्या कृष्णवर्णीय मतदारांकडे गेले, जे नोव्हेंबरमध्ये सहसा रिपब्लिकनला मत देत नाहीत. मतं ३ लाख १९ हजारांवरून ३ लाख ८२ हजारांवर गेली आणि कॉक्रन साडेसात-आठ हजारांनी निसटते जिंकले. मॅकडॅनियल कोर्टात गेले, काही उपयोग झाला नाही. अर्थात हा डाव दर वेळी लागत नाही. २०२२ ला वायोमिंगमध्ये ट्रम्पविरोधी रिपब्लिकन खासदार लिझ चेनींसाठी डेमोक्रॅट्स पक्ष बदलून रिपब्लिकन प्रायमरीत आले, पण त्या राज्यात मुळात डेमोक्रॅट्स आहेतच किती, आणि उलट बाजूने ट्रम्पसमर्थक त्याहून कितीतरी जास्त संख्येने बाहेर पडले, चेनी ६६ विरुद्ध २९ ने हरल्या. पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने प्रायमरीच्या तोंडावर पक्ष बदलायला बंदी घातली.

आता आमचं काम कसं चालतं ते सांगतो, कारण "कोण येतं" याचं अर्धं उत्तर त्यात आहे. तुम्ही कुणाला मत दिलं ते गुप्त असतं, पण तुम्ही मत दिलं की नाही ते इथे गुप्त नसतं. मतदारयादी विकत मिळते किंवा पक्षाकडून मिळते, आणि त्यात तुमच्या नावापुढे रकाने असतात: जून २०२१, नोव्हेंबर २०२१, जून २०२२, नोव्हेंबर २०२२ असे, आलात तर खूण, नाही तर रिकामं. न्यूयॉर्कमध्ये मागच्या तिन्ही प्रायमऱ्यांना आलेल्या माणसाला कँपेनवाले ट्रिपल प्राइम म्हणतात. कँपेनकडे पैसे थोडे, व्हॉलंटियर थोडे, आठवडे थोडे, म्हणून यादी गाळतात, आधी तिन्ही खुणा असलेले, मग दोन, वेळ उरला तर एक. शून्य खुणावाल्या माणसाच्या दारात कुणीही जात नाही. एडिसन, जर्सी सिटी किंवा साउथ ब्रन्सविकमधल्या एका गल्लीची यादी डोळ्यांसमोर आणा, वीस घरं, त्यातली बारा-तेरा देशी आडनावांची, नोव्हेंबरच्या रकान्यात खुणा आहेत आणि जूनच्या रकान्यात ओळीने रिकामे चौकोन. व्हॉलंटियर त्या गल्लीत येतो, तीन दारं वाजवतो आणि पुढच्या गल्लीत जातो. मग आपले लोक म्हणतात आमच्याकडे कुणी उमेदवार येतच नाही, आमचं कुणी विचारत नाही! कसं विचारणार, तुम्ही त्यांच्या कागदावर नाहीच आहात. हे चक्र आहे, आला नाहीत म्हणून कुणी बोलावत नाही आणि कुणी बोलावत नाही म्हणून येत नाही. मला या कामातली सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे, आणि याद्या गाळणारा मीच असल्यामुळे ती रोज समोर येते.

हे चक्र तुटतं का, तर तुटतं. यातला सगळ्यात गाजलेला प्रयोग प्रायमरीतच झाला होता, ऑगस्ट २००६, मिशिगन, ॲलन गर्बर, डोनाल्ड ग्रीन आणि क्रिस्टोफर लॅरिमर यांचा. एक लाख ऐंशी हजार घरं घेतली, काहींना पत्रच नाही, त्यांच्यात मतदान २९.७ टक्के. काहींना "मतदान हे कर्तव्य आहे" एवढंच पत्र, ३१.५, म्हणजे दोन टक्केसुद्धा वाढ नाही. आणि काहींना असं पत्र की ज्यात त्यांची आणि शेजाऱ्यांची नावं, मागच्या निवडणुकांना कोण गेलं कोण नाही याची यादी, आणि खाली सूचना की निवडणूक झाल्यावर पुन्हा यादी पाठवू. त्यांच्यात ३७.८ टक्के. एका पत्राने आठ टक्के, प्रायमरीत आठ टक्के म्हणजे निकाल पालटायला पुरेसे. मी स्वतः ते शेजाऱ्यांचं पत्र कधी वापरू देत नाही, लोकांना ती धमकी वाटते आणि वाटणं बरोबरच आहे. पण त्याच तत्त्वाचं चांगलं रूप आहे, ओळखीच्या माणसाने विचारणं. मंडळाच्या कार्यक्रमात ओळख झालेली एखादी काकू फोन करून म्हणते, "अगं मंगळवारी प्रायमरी आहे, मी सहाला जाणारे, तुला घेऊन जाऊ का?" याच्या पुढे कुठलाही छापील कागद चालत नाही. उमेदवाराच्या गुणांवर वीस मिनिटं बोलण्यापेक्षा "कधी जाणार, कशी जाणार" हे विचारणं जास्त कामाचं.

नियमांबद्दल थोडं, कारण टक्केवारीच्या बातम्या वाचताना लोक यात फसतात. प्रायमरीत कोण मत देऊ शकतं हे राज्यागणिक वेगळं आहे. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडात प्रायमरी बंद, म्हणजे आधीपासून पक्षाचे म्हणून नोंदलेलेच येऊ शकतात. न्यूयॉर्कमध्ये २०१६ ला पक्ष बदलायची मुदत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्येच संपली होती, ट्रम्प यांच्या एरिक आणि इव्हांका या मुलांनासुद्धा स्वतःच्या वडिलांना प्रायमरीत मत देता आलं नाही. व्हर्जिनिया, मिशिगन, टेक्साससारख्या राज्यांत पक्षाची नोंदणीच नसते, कुणीही त्या दिवशी एक पक्ष निवडून मत देतो. कॅलिफोर्नियात सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर आणि पहिले दोघं नोव्हेंबरला, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. त्यामुळे एका राज्याचे "बारा टक्के" हे नोंदणीकृत डेमोक्रॅट्सचे असतात, दुसऱ्याचे सगळ्या मतदारांचे, शेजारी ठेवले तर काही अर्थच निघत नाही. देशपातळीवर अंदाज घ्यायचा तर २०१६ च्या अध्यक्षीय प्रायमऱ्यांत, दोन्ही पक्ष धरून, पात्र नागरिकांपैकी साधारण २८.५ टक्क्यांनी मत दिलं होतं, आणि ते वर्ष भरपूर गाजलेलं होतं. नियमांनी लोकांना बाहेर ठेवायचा इतिहास इथे फार काळाकुट्ट आहे. टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरी कायद्याने आणि नंतर पक्षाच्या ठरावाने फक्त गोऱ्यांची होती, नोव्हेंबरमध्ये कृष्णवर्णीयांना मत असलं तरी तिथे तो पक्ष हरतच नसे, म्हणजे जी निवडणूक खरी त्यातच प्रवेश नाही. १९४४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते बंद केलं.

आपल्या न्यू जर्सीत वेगळीच भानगड होती, काउंटी लाइन. काउंटीच्या पक्षाने ज्यांना एंडोर्स केलं, म्हणजे जाहीर पाठिंबा दिला, ते सगळे, वरपासून खालपर्यंत, मतपत्रिकेवर एका सलग ओळीत, आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात, त्या कोपऱ्याला इथले लोक बॅलट सायबेरिया म्हणतात. २१ पैकी १९ काउंट्यांत हे चालायचं. कमी टर्नआउट आणि लाइन मिळून काउंटीचा चेअरमन म्हणेल तो उमेदवार असा कारभार होता. तेव्हा सिनेटसाठी उभे असलेले अँडी किम यांनी कोर्टात आव्हान दिलं, मार्च २०२४ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती थांबवली आणि २०२५ च्या मार्चमध्ये कायदाच बदलला. जून २०२५ ला गव्हर्नरची डेमोक्रॅटिक प्रायमरी लाइनशिवाय झाली, सहा तगडे उमेदवार, आठ लाखांहून जास्त मतं, जिथे २०१७ ला पाच लाखांच्या आसपास होती. मिकी शेरिल ३४ टक्क्यांनी जिंकल्या, ज्यांना बऱ्याच काउंटी संघटनांचा पाठिंबाही होता. म्हणजे मशीन संपली नाही, पण आता तिला दारोदार जावं लागतं, आणि लोकांना आपल्या मताने काही होतं असं वाटलं की ते येतात हे दिसलं.

जाता जाता, भारतातही हा प्रयोग झालाय. २०१४ च्या लोकसभेला राहुल गांधींच्या पुढाकाराने काँग्रेसने पंधरा-सोळा मतदारसंघांत प्रायमरी घेतली, त्यात लातूर आणि वर्धा होते. पण मतदार कोण, तर पक्षाचे पदाधिकारी, साधा सभासदही नाही. गावातल्या मतदाराचा संबंधच आला नाही, आणि दोन्ही जागा पक्ष हरला. हरण्याचं कारण त्या वर्षीची लाट होती, प्रायमरी नव्हे, पण पदाधिकाऱ्यांच्या बैठकीला प्रायमरी म्हटल्याने उमेदवारामागे लोक उभे राहत नाहीत.

आता तुमच्या घरचं. पार्टीचा रकाना रिकामा असेल तर न्यू जर्सीत तुम्ही अनअफिलिएटेड, म्हणजे कुठल्याच पक्षात न नोंदलेले, असे वीस लाखांहून जास्त लोक राज्यात आहेत आणि त्यातल्या फार मोठ्या संख्येला वाटतं की प्रायमरी आपल्यासाठी नाही. आहे. प्रायमरीच्या दिवशी बूथवर जाऊन तिथेच पक्ष सांगायचा आणि मत द्यायचं. फक्त त्यानंतर यादीत तुमची नोंद त्या पक्षाची होते, नको असेल तर नंतर फॉर्म भरून परत अनअफिलिएटेड होता येतं, पण एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी फॉर्म द्यावा लागतो, ते विसरू नका. पोस्टाने मत देणार असाल तर पक्ष आधी कळवल्याशिवाय प्रायमरीची मतपत्रिका घरी येत नाही. मतपत्रिकेच्या अगदी खाली काउंटी कमिटीच्या जागा असतात, तुमच्या गल्ल्यांमधून दोन माणसं निवडायची, तिथे कित्येकदा काही डझन मतांत निकाल लागतो आणि काही ठिकाणी उमेदवारच नसतो, पण तीच माणसं पुढे मोठ्या उमेदवारांचं एंडोर्समेंट ठरवतात, तेव्हा तो भाग कोरा सोडू नका. आणि मुलीचं म्हणाल तर २०२६ पासून न्यू जर्सीत नियम असा आहे की नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तर सतराव्या वर्षीही जूनच्या प्रायमरीत मत देता येतं, ती सिटिझन असेल तर तिची नोंदणी प्रायमरीच्या २१ दिवस आधी झालेली असली पाहिजे एवढं बघा.